ऐंशी अक्षरांची ओळ

कुडपण, ता. पोलादपूर
९ ऑक्टोबर २०२३

चि. प्रवीण,

आशीर्वाद. फोन सोडून पत्र का, म्हणून घाबरू नकोस. घरात सगळी बरी आहेत, मावशीचा गुडघा सोडून, आणि तुझ्या आईचा गुडघा तुला माझ्याहून जास्त ठाऊक. फोनवर तू दोन मिनिटांत "ताई, नंतर करतो" म्हणतोस आणि इथे पठारावर रेंज वाऱ्याच्या मर्जीने येते. शिवाय गावचं टपाल माझ्याकडेच आहे. दिवसाला चार पत्रंसुद्धा जात नाहीत. माझं एक गेलं तर पिशवीला जरा वजन येईल.

बातमी अशी की सकपाळ सरांचा संगणक माझ्या घरी आला आहे. ज्याच्यावर आपण दोघं एकोणनव्वद साली महाडला शिकलो, तोच. बाजारपेठेतली त्यांच्या वर्गाची खोली मालकाने पाडायला काढली. सामान माळ्यावर होतं म्हणून एकवीसच्या पुरातून वाचलं. भंगारवाला टेम्पोत टाकत होता, त्याच्याकडून मी उचलला. सोबत हिरव्या अक्षरांचा मॉनिटर आणि दहा फ्लॉपी डिस्कांचा डबा. डब्यावर सरांच्या अक्षरात लिहिलंय, "परीक्षा १९८९".

का उचलला, ते तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण चौतीस वर्षांत हे मी कागदावर उतरवलेलं नाही. अठरा जणांतून एकाला मुंबईच्या एका शिक्षण मंडळाची शिष्यवृत्ती मिळायची होती. दोन वर्षांचा कोर्स, राहणं-जेवण मंडळाचं. चार लेखी पेपर आणि एक प्रात्यक्षिक. लेखीत तू माझ्यापुढे तीन गुणांनी होतास, ते मला मान्य. पण प्रात्यक्षिक घ्यायला मुंबईहून आलेल्या परीक्षकांनी माझे गुण माझ्यादेखत संगणकात टाकले. पन्नासपैकी शेहेचाळीस. मी या डोळ्यांनी बघितले. चार दिवसांनी निकाल लागला तो नुसत्या लेखीवर. मी विचारायला गेले तर सर म्हणाले, "प्रात्यक्षिकाचे गुण आलेच नाहीत." तू मुंबईला गेलास. पुढच्या मे महिन्यात मावशीने माझं लग्न तुमच्या गावात लावून दिलं.

तुझा यात काय दोष? तू सोळा वर्षांचा पोर. आणि माझा संसार वाईट झाला असंही नाही, तुझ्या भावोजींनी मला कधी दुखवलं नाही. पण तोंडावर खोटं बोलून त्या माणसाने माझं आयुष्य दुसऱ्या रस्त्याला लावलं. मी त्यांना सोडलं नाही. तेही तुला ठाऊक आहे. कुडपणपासून खाली पोलादपूरपर्यंत ज्या ज्या घरात मला पाण्याचा तांब्या मिळाला, त्या त्या घरात मी सांगितलं की सकपाळ निकाल फिरवतो, पोरं पाठवू नका. दहा वर्षांत वर्गाला कुलूप लागलं. मला त्याचं वाईट वाटलेलं नाही.

आता काम. महाडच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या राहुलने वीजपुरवठ्याचा डबा दुरुस्त करून दिला आणि संगणक चालू झाला. डिस्क घरघरली, निकालाची यादी आली. पण ओळ अर्धीच! क्रमांक, नाव, चार पेपर, लेखीची बेरीज, आणि तिथे पडदा संपतो. राहुल म्हणतो, हा संगणक मुळात एका ओळीत चाळीसच अक्षरं दाखवतो. ऐंशी दाखवायला आत वेगळं कार्ड बसवावं लागतं. ते आपल्या वेळी होतं, आता ती खाच रिकामी आहे.

तू मशिनांतला माणूस. मला ते ऐंशी अक्षरांचं कार्ड मिळवून दे. ओळीचा उजवा अर्धा भाग मला बघायचाय. मग तो घेऊन मी दासगावला सरांच्या दारात जाणार. चौऱ्याऐंशीचे झालेत, पण आहेत. जायच्या आधी त्यांनी ते ऐकावं.

तुझी,
ललिताताई


डोंबिवली
३० ऑक्टोबर २०२३

ती. ललिताताईस,

नमस्कार. पत्र बघून आधी धसकलोच. तीन आठवडे उत्तर दिलं नाही त्याबद्दल रागावू नकोस, हॉस्पिटलांच्या यंत्रांच्या दुरुस्तीची कामं एकदम आली होती.

ताई, खरं सांगू? त्या कार्डाच्या नादी लागू नकोस. असलं कार्ड आता संग्रह करणाऱ्यांकडेच असतं आणि ते सोडत नाहीत. आणि कार्डाशिवाय उजवा भाग बघायचा दुसरा काही मार्ग नाही. ते चाळीस अक्षरांचं यंत्र आहे, त्याला पुढचं दिसतच नाही असं समज.

दुसरं, जास्त महत्त्वाचं. ती डिस्क पुन्हा चालवू नकोस. चौतीस वर्षांपूर्वीची आहे, प्रत्येक वेळी वाचताना वरचा थर खरवडतो. डबा माझ्याकडे पाठव. माझ्याकडे जुनी यंत्रं आहेत, मी जपून नक्कल काढतो. दहाही पाठव, कशावर काय आहे ते बघायला लागेल.

आणि सरांना आता काय बोलायचं, ताई? म्हातारा माणूस. शेहेचाळीस आणि एकोणतीस असले आकडे आज कोण विचारतंय? तुझ्या मुलांनी नाव काढलं, तुझ्या शब्दाला गावात किंमत आहे. मी तर म्हणतो जाऊ दे.

आईला सांग, दिवाळीला जमलं तर येतो.

तुझा,
प्रवीण


कुडपण
७ नोव्हेंबर २०२३

चि. प्रवीण,

डबा उद्याच्या पार्सलने निघतोय. वर्तमानपत्रात गुंडाळलाय, मध्ये नाचणीचा भुसा भरलाय. भुसा डिस्कांना लागू नये म्हणून प्रत्येक डिस्क वेगळ्या पिशवीत आहे. तू सांगितल्यापासून संगणक चालू केलेला नाही.

"जाऊ दे" हा शब्द माझ्यासाठी वापरू नकोस. तुला मिळालं म्हणून तुला जाऊ दे म्हणता येतं. रागाने नाही लिहीत, खरं आहे म्हणून लिहिते.

ते परीक्षक मला आठवतात. निळा सफारी, बोटाला शाई. त्यांनी मला पत्त्यांची यादी आडनावाप्रमाणे लावायला दिली होती. मी लावली, वर एकाच नावाची दोन माणसं निघाली ती वेगळी करून दाखवली. ते म्हणाले, "हे मी सांगितलं नव्हतं." मी म्हटलं, "नाय सांगितलं, पण पोस्टमन गोंधळेल." ते हसले आणि शेहेचाळीस लिहिले. आता मीच टपाल वाटते, बघ.

एक विचारते. एकोणतीस हा आकडा तू कुठून लिहिलास? तुझे प्रात्यक्षिकाचे गुण का ते? परीक्षकांनी तुलाही सांगितले होते वाटतं. मला कधी बोलला नाहीस.

दिवाळीला ये. मावशीने तुझ्यासाठी वरीचे तांदूळ ठेवलेत.

ललिताताई


डोंबिवली
४ डिसेंबर २०२३

ती. ताईस,

नमस्कार. वाईट बातमी आधी सांगतो. डिस्का गेल्या. दहाही कोऱ्या निघाल्या. तीन वेगवेगळ्या यंत्रांवर लावून बघितल्या, एका डिस्कवर एक अक्षर नाही. तू राहुलकडे चालवलीस तेच तिचं शेवटचं वाचन असणार. प्रवासातही कधी कधी असं होतं. मला फार वाईट वाटतंय.

एकोणतीस हा नुसता तोंडाला आला तो आकडा. मला माझे गुण कधीच कळले नव्हते.

तू निराश होऊ नयेस म्हणून एक केलंय. मुंबईत एका जुन्या डीलरकडे ऐंशी अक्षरांचं कार्ड मिळालं. ते या पार्सलमध्ये आहे. निकाल नाही तर नाही, तुला त्यावर गावची यादी, काही टिपणं करता येतील. बसवायचं असं:

संगणकाचा प्लग काढून ठेव. झाकण उचललंस की आत आठ खाचा दिसतील. डावीकडून पहिलीवर शून्य लिहिलंय, तिथून मोजत तीन नंबरच्या खाचेत जा. कार्डाला हात लावायच्या आधी वीजपुरवठ्याच्या धातूच्या डब्याला बोट लाव, अंगातली वीज उतरते. कार्डाच्या सोनेरी दातांवरून साधं खोडरबर फिरव आणि भुगा फुंकून टाक. मग सरळ खाली दाब, एका बाजूने नको. मॉनिटरची वायर संगणकाच्या मागून काढून कार्डावरच्या गोल जागेत लाव. नाहीतर पडदा काळाच राहील आणि तू मला शिव्या देशील.

दिवाळीला येता आलं नाही. आता मे महिन्यात बघू.

तुझा,
प्रवीण


कुडपण
१९ डिसेंबर २०२३

चि. प्रवीण,

कार्ड बसलं. खोडरबराने दात घासले, डब्याला बोट लावलं, सगळं तू सांगितलंस तसं. पहिल्या वेळी पडदा काळाच होता, वायर लावायची विसरले होते. दुसऱ्या वेळी अक्षरं आली. बारीक, सुईने टोचल्यासारखी, आणि ओळ पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी नुसतं माझं नाव लिहिलं आणि बराच वेळ बघत बसले. तू एवढं केलंस, तुझे उपकार आहेत.

पण बघायला काही उरलं नाही, याने माझं डोकं फिरलंय. मी विचार करते, डिस्का आपोआप गेल्या की त्या माणसाने तेव्हाच काहीतरी करून ठेवलं होतं? पुरावा नाही तर नाही. मी रिकाम्या हाताने जाते. परवा दासगावला जाते आणि त्यांच्या सुनेसमोर, मुलासमोर विचारते.

ललिताताई


डोंबिवली
२३ डिसेंबर २०२३

ताई,

फोन लागत नाही. गेली नसशील तर जाऊ नकोस. मी जानेवारीत येतो, आपण दोघं मिळून जाऊ. म्हाताऱ्या माणसाला काही झालं तर तुझ्यावर येईल. हात जोडतो.

प्रवीण


कुडपण
१४ जानेवारी २०२४

प्रवीण,

तुझं पत्र पोचायच्या आधी मी जाऊन आले होते. एकदा नाही, दोनदा.

पहिल्यांदा गेले तेव्हा सर पडवीत खुर्चीवर होते. डोळ्यांना आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. सुनेने सांगितलं, "कुडपणच्या ललिताबाई आल्यात." त्यांनी मान वर केली आणि माझं माहेरचं आडनाव घेऊन म्हणाले, "उतेकरांची? चौतीस वर्षांनी आलीस. ये, बस. पाणी घे."

मी बसले नाही. घाट उतरताना जे जे ठरवलं होतं ते सगळं उभ्यानेच बोलले. शेवटी मी म्हटलं, "आणि तुमच्या डिस्कासुद्धा कोऱ्या निघाल्या. आधीच पुसून ठेवल्या होत्यात ना?"

तेव्हा ते पहिल्यांदा रागावले. "मी? मी पुसेन? मी प्रत्येक परीक्षेच्या दोन प्रती ठेवायचो. एक वर्गात, एक घरी. मुला, ती पत्र्याची ट्रंक काढ." मुलाने पलंगाखालून ट्रंक ओढली. कडुनिंबाची सुकी पानं, त्यांच्या खाली बटरपेपरात गुंडाळलेल्या डिस्का. सरांनी चाचपून एक काढली आणि माझ्यापुढे धरली. "घेऊन जा. बघ. माझ्यात काही वाकडं सापडलं तर परत ये आणि काय मारायचं ते मार."

मी घेऊन आले. तूच पाठवलेलं कार्ड, तूच सांगितलेली खाच. डिस्क घरघरली. ओळी आल्या, प्रवीण, या कडेपासून त्या कडेपर्यंत. अठरा नावं. माझ्या नावापुढे लेखी २८०, प्रात्यक्षिक ४६, एकूण ३२६. तुझ्या नावापुढे लेखी २८३, प्रात्यक्षिक २९, एकूण ३१२. एकोणतीस. तोंडाला आला तो आकडा! आणि माझ्या ओळीच्या अगदी शेवटी, सत्तराव्या अक्षरानंतर, परीक्षकांनी इंग्रजीत लिहिलंय की हिला पाठवा.

कागदावर उतरवून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. सरांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचायला सांगितली. मग म्हणाले, "कार्ड पावसाने खराब झालं होतं, मुंबईला पाठवलं ते परत आलंच नाही. निकाल त्याच दिवसाच्या टपालाने जायला हवा होता. अर्धा पडदा दिसत होता. माझा चष्मा फुटला होता, म्हणून प्रवीण वाचत होता आणि मी लिहीत होतो. मी त्याला विचारलं, प्रात्यक्षिकाचे गुण? तो म्हणाला, नाही सर, ते भरलेलेच नाहीत."

मी म्हटलं, "त्याला तरी कुठे दिसत होते? ओळ अर्धीच होती." मी तुझी बाजू घेतली बघ. सरांनी मान हलवली. म्हणाले, "संगणकाची इंग्रजी पुस्तिका मला वाचता यायची नाही, ती तोच वाचायचा. दोन बटणांनी पडदा उजवीकडे सरकतो, हे आठ दिवसांनी त्याने वर्गातल्या पोरांना करून दाखवलं होतं, असं मला नंतर कळलं. मी त्याचा अर्थ लावला नाही."

घरी येऊन मी कार्ड काढून ठेवलं. पोरं दाबतात तशी एकेक जोडी दाबत बसले. कंट्रोल आणि ए. पडदा सरकला. माझे शेहेचाळीस चाळीस अक्षरांच्या पडद्यावर आले.

आता मला एवढंच लिहून कळव की माझ्या दहा डिस्कांचं तू काय केलंस.

ललिता


डोंबिवली
३१ जानेवारी २०२४

ताई,

बारा दिवस हा कागद समोर घेऊन बसतोय.

सर चहा सांगायला खाली उतरले. मी कंट्रोल आणि ए दाबलं. तुझे शेहेचाळीस दिसले, माझे एकोणतीस दिसले. बेरीज करायला कागद लागला नाही. जिन्यावर त्यांची चप्पल वाजली तेव्हा मी पुन्हा तीच बटणं दाबली आणि पडदा होता तसा झाला. त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्या वेळी वाटलं, परीक्षक मुंबईहून कळवतीलच, माझं खोटं दोन दिवसांत उघडं पडेल. ते पडलं नाही. कोणी विचारलंच नाही. मग गाडीत बसलो.

तुझा डबा आला त्या दिवशी दुकानातली पोरं गेल्यावर मी जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढलं आणि दहाही डिस्कांवरून फिरवलं. एकेक करून. कार्ड पाठवलं ते तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून. वाचायला काही नाही म्हटल्यावर कार्डाची भीती कसली, असं वाटलं.

मी परवा घरी सगळं सांगितलं. बायकोला, मुलीला, आणि फोनवर आईला. आई रडली. बायको म्हणाली, एवढं ओझं एकटा वाहत होतास. ताई, मला हलकं वाटलं. आता फक्त तू उरलीस. मी चुकलो. मला माफ कर. मी लहान होतो.

प्रवीण


कुडपण
२० फेब्रुवारी २०२४

प्रवीण,

तुला हलकं वाटलं. वाचून बरं वाटलं असं लिहू का?

मावशी काठी टेकत माझ्या दारात आली होती. मी चुलीवर भाकरी टाकत होते. उंबऱ्यातूनच म्हणाली, "लेकरू होता गो तो. आणि स्वताहून बोलला. कोण बोलतं आजकाल? तूच मोठी हायस, पोटात घाल." मागोमाग तुझ्या बायकोचा फोन आला, किती प्रामाणिक माणूस हाय म्हणून. तुझी मुलगी मला लिहिते की तिला बाबांचा अभिमान वाटला. म्हणजे चोरी केलीस तेव्हा तुझं कौतुक, आणि कबूल केलीस तेव्हाही तुझंच!

स्वतःहून? माझं पत्र बारा दिवस तुझ्या हातात होतं. पकडला गेल्यावर तू बोललास.

आणि लहान कोण होता? सोळाव्या वर्षी तू खोटं बोललास, त्यावर मी एखाद वेळी तोंड फिरवलं असतं. पन्नाशी उलटल्यावर हातात चुंबक घेतलंस, तेव्हा किती लहान होतास? नाचणीच्या भुशातून मी ते जपून पाठवलं होतं. "मला फार वाईट वाटतंय" असं तू लिहिलं होतंस.

तुझ्यामुळे मी चौतीस वर्षं एका निर्दोष माणसाला चोर म्हटलं. त्यांचा वर्ग मी बंद पाडला. त्यानंतर त्यांनी महाडच्या कोर्टाबाहेर टाईपरायटर घेऊन लोकांचे अर्ज टाईप केले, मी बाजाराला गेले की त्यांच्यासमोरून मान वळवून जायचे. हे माझ्या माथ्यावर आहे आणि ते माझ्या माथ्यावर तू ठेवलंस. त्याची माफी तू कोणाकडे मागितलीस? घरच्यांसमोर रडलास, दासगावला एक ओळ लिहिली नाहीस.

सोबत सरांचा कागद आहे. त्यांनी सांगितला, मी लिहिला, सही त्यांची. रजिस्टरने पाठवतेय, पोच सही करून दे.

आता माझं. शिमग्याला तू दर वर्षी येतोस, पालखी नाचवायला पुढे असतोस. या वर्षीही यायचं. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की सगळा गाव जमतो, मुंबईची माणसं असतात. तिथे उभं राहून सांगायचं. चूक झाली, ओझं होतं, लहान होतो, यातला एक शब्द बोलायचा नाही. काय केलंस तेवढंच सांगायचं. आला नाहीस तर मी सांगेन, आणि मला कसं सांगता येतं ते या तालुक्याला ठाऊक आहे.

ललिता

(सोबतचा कागद)

सकपाळ संगणक वर्ग, महाड
परीक्षा १९८९ : दुरुस्त निकाल
दासगाव, १७ फेब्रुवारी २०२४

प्रथम : कु. ललिता उतेकर, एकूण गुण ३२६.
प्रवीण शेलार, एकूण गुण ३१२ : निकाल रद्द. कारण, उमेदवाराने परीक्षकांचे गुण दडवले आणि पुढे पुरावा नष्ट केला.

माझ्या सहीचं जे प्रमाणपत्र तुमच्याकडे आहे ते ताबडतोब परत पाठवावं. ते तुमचं नाही.

कु. उतेकर तक्रार घेऊन आली त्या दिवशी ती वर्गाच्या दारात ओरडली, म्हणून मी चिडलो आणि तपास केला नाही. तो दोष माझा आहे आणि तो या निकालावर नोंदवत आहे.

भि. रा. सकपाळ


डोंबिवली
८ मार्च २०२४

ताई,

प्रमाणपत्र सोबत आहे. दुकानाच्या भिंतीवर होतं, काच तुझ्याकडे येताना फुटेल म्हणून फ्रेममधून काढलंय. सरांना द्यावंस.

शिमग्याला येतो. आईला आधी सांगू नकोस एवढी विनंती आहे.

प्रवीण


कुडपण
२ एप्रिल २०२४

ती. गुरुवर्य सकपाळ सरांना,

साष्टांग नमस्कार. आपल्याला घाट चढवून आणणं शक्य नव्हतं, म्हणून झालं ते लिहिते. सूनबाईंनी सावकाश वाचून दाखवावं.

पालखी सहाणेवर बसली. नारळ झाले, गाऱ्हाणं झालं. तेव्हा प्रवीण उठला. अंगात नवा पांढरा शर्ट, गुलालाने खांदे लाल. तो गावच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष, म्हणून लोकांना वाटलं मंडळाची काही घोषणा आहे. तो म्हणाला, "माझ्याकडून एकोणनव्वद साली एक चूक झाली..."

मी बायकांतून उभी राहिले. "चूक नाय. काय केलंस ते सांग."

ढोल थांबले. त्याने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. मग खाली बघून सगळं सांगितलं. दोन बटणं, शेहेचाळीस, एकोणतीस, आपण विचारलेलं आणि त्याने दिलेलं उत्तर. चुंबक पण सांगितलं. चुंबकाच्या वेळी मात्र त्याची मुलगी उठून गेली. तिला घरी तेवढं सांगितलं नव्हतं असं दिसलं. तिथे त्याने पाणी मागितलं. मी त्याला पाणी दिलं नाही. दुसऱ्या कोणी दिलं.

मी बसणार तेवढ्यात चांगू शेलार उठला. आपल्याला आठवणार नाही, त्याचा मुलगा आपल्याकडे फक्त दोन महिने होता. चांगूने प्रवीणकडे बघितलंच नाही. मला म्हणाला, "तुझ्या सांगण्यावरून मी माझ्या पोराला काढला. तू माझ्या ओट्यावर बसून बोललीस, सकपाळ चोर हाय. पोरगा आज वाळूच्या गाडीवर हाय. त्याचं कोण बोलणार?"

सर, मी पुढे गेले आणि जिथे प्रवीण उभा होता तिथे उभी राहिले. म्हटलं, सकपाळ सरांनी निकाल फिरवला नव्हता. मी बघितलं नव्हतं, मी ठरवलं होतं. ज्यांनी ज्यांनी माझं ऐकून पोरं काढली, त्यांचं नुकसान मी केलं. चांगू, तुझ्या पोराचं पण. तो म्हणाला, "आता ऐकून काय करू?" आणि पालखीच्या पलीकडे जाऊन बसला. तो अजून माझ्याशी बोलत नाही. मी त्याच्या घरी टपाल द्यायला जाते, तेव्हा नातवाला पुढे करतो.

मावशी तर माझं नाव घेत नाही. म्हणते, भरल्या गावात माझ्या पोराला उघडा केला. प्रवीण दुसऱ्याच दिवशी पहाटेच्या गाडीने गेला, पालखी त्याच्या दारात यायच्या आधी. त्याच्या दारात मुंबईहून आलेल्या माणसांनी या वर्षी गर्दी केली नाही. मंडळाचं अध्यक्षपद त्याने सोडलं असं काल कळलं. त्याला सोडायला लावलं असंही कोणी म्हणतं.

पुढच्या आठवड्यात खाली येईन तेव्हा प्रमाणपत्र आपल्या हातात देते. त्यावर माझं नाव घालायचं की फाडायचं, ते आपण ठरवा. मला दोन्ही चालेल.

आपण मागे विचारलं होतंत की हे सगळं झाल्यावर मला कसं वाटेल, रितं वाटेल का. मी मनाशी नीट तपासून बघितलं. चांगूचं मला लागलं आहे आणि ते लागलेलं राहील. पण प्रवीण सहाणेवर उभा होता आणि त्याच्या तोंडातून माझा तो आकडा बाहेर पडला, त्याबद्दल मला काडीचंही वाईट वाटलं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी रोजच्यापेक्षा दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

आपली विद्यार्थिनी,
ललिता